रेंज नसलेल्या गावाची वेबसाइट

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना, शेवटचा आठवडा. पुण्याहून दोन गाड्या भरून आम्ही भंडारदऱ्याला काजवे बघायला निघालो होतो. मुक्काम शेंडीजवळच्या एका तंबूंच्या कॅम्पवर. कॅम्प माझ्या मावसभावाच्या कॉलेजातल्या दोस्ताचा. तो तिथलाच, महादेव कोळी समाजातला. जमीन वडिलांची, तंबू कर्जाचे. राजूर मागे पडलं, रंधा धबधब्याच्या अलीकडे अंधार झाला आणि मुख्य रस्ता सोडून कुठे वळायचं ते कळेना. मावसभाऊ आधीच कॅम्पवर पोचलेला, त्याचा फोन लागत नव्हता. कॅम्पवर ज्या कंपनीची रेंज येते तो नंबर फक्त वेबसाइटवर होता.

वेबसाइट उघडायला घेतली. फोनच्या कोपऱ्यात रेंजची एकच काडी, तीही येऊन-जाऊन. पांढऱ्या पडद्यावर एक गोल फिरत राहिला. पाच मिनिटांनी वरची निळी पट्टी आली, तिच्याखाली रिकामी चौकट. नंबर काही आला नाही. शेवटी चहाच्या टपरीवरच्या काकांनी हात करून रस्ता दाखवला.

मी पोटासाठी वेबसाइटचंच काम करतो. इंजिनिअरिंग झाल्यापासून बारा-तेरा वर्षं हेच. त्यामुळे पुण्याला परतल्यावर आधी ते पान लॅपटॉपवर उघडलं आणि मोजलं. 11 एमबी. छत्रीच्या आकारात कोसळणाऱ्या अंब्रेला फॉलचा व्हिडिओ पार्श्वभूमीला आपोआप सुरू होत होता. पाच वेगवेगळे फॉन्ट, स्क्रोल केलं की डावीकडून उडत येणारे फोटो, कुठल्या कुठल्या सर्व्हरवरून येणाऱ्या चाळीसेक फाइली. आणि फोन नंबर? तो एका चित्राच्या आत रंगवलेला. बोट ठेवून फोन लागणार नाही, कॉपीही होणार नाही. चित्र उतरल्याशिवाय दिसणारही नाही.

हे पान माझ्या मावसभावाने केलं होतं. त्याने संगमनेरात तीन महिन्यांचा वेब डिझायनिंगचा कोर्स केलाय. त्यात ज्याला व्हिज्युअल एडिटर म्हणतात तो शिकवतात. माउसने ठोकळे ओढायचे, हवे तिथे टाकायचे, पान तयार. दोन संध्याकाळी बसून दोस्तासाठी फुकट करून दिलं होतं. मी त्याला फोन केला, जरा हसतच.

"हे काय केलंयस रे?"

"का भाई? दिसायला भारी दिसतं ना?"

भारी दिसत होतं, हे खरंच. फक्त ज्याला गरज होती त्याला, ज्या ठिकाणी गरज होती तिथे, दिसत नव्हतं.

मग एका शनिवारी मी साधा टेक्स्ट एडिटर उघडून ते पान हाताने लिहिलं. एक एचटीएमएलची फाइल, एक सीएसएसची. फोटो चारच ठेवले, तेही दाबून लहान केलेले. फोन नंबर अगदी वर, बोट ठेवलं की थेट फोन लागेल असा. रस्ता कसा यायचा ते शब्दांत लिहिलं, म्हणजे नकाशा उघडला नाही तरी वळण चुकणार नाही. फोटो सोडले तर पान 38 केबी, फोटोंसकट 300 च्या आत. मावसभाऊ पुढच्या वेळी गेला तेव्हा रंध्याजवळ गाडी थांबवून बघितलं. एका काडीवर पान उघडलं.

इथवरची गोष्ट सांगून 'बघा, हाताने कोड लिहिणंच खरं' असं म्हणून मोकळं होता आलं असतं. माझ्या ओळखीचे बरेच डेव्हलपर तेच म्हणतात. त्यांच्यात व्हिज्युअल एडिटर वापरणाऱ्याकडे बघायची एक नजर असते, घरात चटणी न वाटता पाकिटातली आणणाऱ्या सुनेकडे बघावं तशी. माझीही तशीच होती. ती उतरली ऑगस्टमध्ये.

भंडारदऱ्याचे हंगाम दोन. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे, आणि मग पावसाळा. धरण भरलेलं, रतनगडाच्या वाटेवर धुकं, घाटमाथ्यावरून जागोजागी पाणी. 15 ऑगस्टला जोडून शनिवार-रविवार आला की शेंडीत गाडी लावायला जागा मिळत नाही. कॅम्पवाल्या दोस्ताने जुलैअखेर मला फोन केला होता. "दादा, भाजीपाला, गॅस, सगळंच वाढलंय. माणशी दोनशे रुपये वाढवायचे आहेत. पानावर तेवढं बदला ना." मी हो म्हणालो. ऑफिसात रिलीज चालू होता. आज करू, उद्या करू करत बारा दिवस गेले. काम किती होतं? एक आकडा बदलायचा. पण तो आकडा माझ्या लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये होता आणि ती सर्व्हरवर कशी चढवायची हे फक्त मला माहीत होतं.

सुट्टीला तेहेतीस माणसं आली, पानावरचा जुना दर बघून. त्याने सगळ्यांना जुन्याच दराने जेवू-झोपू घातलं. मी म्हटलं, अरे, सांगायचं ना दर वाढलाय म्हणून. तो म्हणाला, "पानावर लिहिलेलं होतं दादा. लिहिलंय म्हणजे शब्द दिलाय."

सहा हजार सहाशे रुपये. रक्कम मोठी नाही, पण ज्याच्या तंबूंचा हप्ता चालू आहे त्याला लहानही नाही. मी भरून देतो म्हटलं, त्याने घेतले नाहीत. तेव्हापासून मी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारतो. कोणतं साधन भारी, हे नंतर. पान लिहून झाल्यावर ते कोणाच्या हातात राहणार, हे आधी.

मावसभावाने केलेलं पान 11 एमबीचं होतं, पण दोस्त स्वतः फोनवरून त्यात दर बदलू शकत होता. माझं पान पिसासारखं हलकं होतं आणि त्याला कुलूप होतं. किल्ली पुण्यात.

गंमत म्हणजे ज्याने वेब शोधला त्याला हे आधीच कळलं होतं. टिम बर्नर्स-ली यांनी 1990 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तो नुसता ब्राउझर नव्हता, एडिटरही होता. ज्या खिडकीत पान वाचायचं त्याच खिडकीत लिहायचं. सामान्य माणसाने कोनी कंसात टॅग लिहीत बसावं अशी त्यांची कल्पना नव्हतीच. पुढे जे ब्राउझर लोकप्रिय झाले त्यांनी वाचण्याची अर्धी बाजू उचलली आणि लिहिण्याची सोडून दिली. ती जागा भरायला मग वेगळी सॉफ्टवेअर आली. व्हर्मीर नावाच्या छोट्या कंपनीचं फ्रंटपेज, जे 1996 मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं. 1997 मध्ये मॅक्रोमीडियाचं ड्रीमवीव्हर. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ही दोन्ही होती. सर सांगायचे, फ्रंटपेजमध्ये करा पण परीक्षेत टॅग पाठ लिहा. आता वर्डप्रेसमध्ये 2018 पासून ठोकळ्यांचा एडिटर आहे आणि त्याचं नाव गुटेनबर्ग, छपाईच्या खिळ्यांवरून आठवावं असं. म्हणजे व्हिज्युअल एडिटर ही वाट चुकलेल्यांची आडवाट नाही. वेबचा जन्मच तिथे झालाय.

अडचण वेगळीकडे आहे. 'जे दिसतं तेच मिळतं' असं या एडिटरांचं ब्रीद. पण पान हे नुसतं दिसत नसतं. ते वाचलं जातं, शोधलं जातं, ऐकलं जातं. दिसण्याच्या मागे काय लिहिलंय यावर हे सगळं ठरतं. आणि आपल्या भाषांच्या बाबतीत ही ठेच आपल्याला आधी एकदा लागलेली आहे.

मराठीत युनिकोड रुळायच्या आधी शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप केलेला मजकूर असायचा. पडद्यावर 'क' दिसायचा, आत मात्र रोमन अक्षर किंवा एखादं चिन्ह साठवलेलं. फॉन्ट बदलला की सगळा किडामुंगीचा बाजार. त्या काळात वेबवर चढलेला किती तरी मराठी मजकूर शोधून सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी तो मराठी नव्हताच. उर्दूत याहून अवघड झालं. तिथे कातिब हाताने नस्तालिक लिहायचे. चेन्नईचं 1927 पासूनचं 'मुसलमान' हे दैनिक तर कित्येक दशकं हाताने लिहूनच निघत आलं. 1994 मध्ये इनपेज आलं आणि उर्दू छपाई सोपी झाली, पण त्याच्या जुन्या फाइली वेबला कळायच्या नाहीत. मग काय, पानंच्या पानं चित्र म्हणून चढवली. डोळ्यांना सुंदर, सर्च इंजिनला कोरी.

आता सगळ्या फोनमध्ये युनिकोड आहे आणि तरी आपण पुन्हा तेच करतोय. तुमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बघा. शिष्यवृत्तीची माहिती पोस्टरच्या ॲपमध्ये चित्र करून येते. जमातीची, शाळेची, दुकानाची वेबसाइट उघडा, मथळा चित्रात. का? तर एडिटरमधले मराठी फॉन्ट आवडले नाहीत म्हणून. माझ्या शेजारी एक मुलगी आहे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. तिला दिसत नाही, फोनमधला स्क्रीन रीडर तिला वाचून दाखवतो. एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीचं पान तिने माझ्यासमोर उघडलं. फोन बोलला, "इमेज. इमेज. लिंक. इमेज." बस. अर्ज भरायचं बटण होतं, पण ते बटणासारखं रंगवलेला नुसता चौकोन होता. आत बटण असल्याचं काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून फोन त्याच्यावरून गपचूप पुढे गेला. शेवटची तारीख तिला तिच्या भावाने वाचून दाखवली. तो घरी नसता तर?

हे पान करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याने पडद्यावर बटण बघितलं आणि काम झालं असं समजला. हाताने टॅग लिहिणारा इथे वेगळा वागतो, तो फार हुशार असतो म्हणून नाही. त्याला लिहावंच लागतं की हे शीर्षक, हा परिच्छेद, हे बटण. वस्तूला तिच्या नावाने हाक मारल्याशिवाय त्याचं पानच पुढे सरकत नाही. चित्र घातलं तर त्यात काय आहे हे शब्दांत लिहायची जागा समोर रिकामी दिसते. एडिटरमध्येही ती सोय असते बरं का, कुठल्या तरी तिसऱ्या मेनूच्या आत. कोण उघडतो?

मराठीचे अजून दोन-तीन बारकावे सांगतो, ते या धंद्यात कोणी शिकवत नाही. पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये पानाची भाषा सांगायची असते. मराठीसाठी 'एमआर'. तयार टेम्पलेटमध्ये तिथे बहुतेक वेळा इंग्रजी असतं आणि कोणी बदलत नाही. ते बदललं की स्क्रीन रीडर मराठी आवाज वापरायला बघतो. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न दिसता आपल्या वळणाचे दिसतात. दुसरं, इंग्रजीसाठी केलेल्या टेम्पलेटात मथळ्याच्या अक्षरांमध्ये मुद्दाम अंतर सोडलेलं असतं. इंग्रजीत ते ऐटबाज दिसतं, मराठीत शिरोरेषा तुटते. दात पडल्यासारखा मथळा दिसतो. तिसरं, ओळींमधलं अंतर. इंग्रजीच्या मापाने ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. उर्दू नस्तालिकला तर याहून कितीतरी जास्त जागा लागते, शिवाय मजकूर उजवीकडून सुरू होतो हे वेगळं सांगावं लागतं. या तिन्ही दुरुस्त्या एकेका ओळीच्या आहेत. पण ती ओळ कुठे लिहायची हे ज्याने कोड कधी उघडूनच बघितला नाही त्याला कळणार नाही. तो एडिटरला शिव्या देत चित्राकडे वळतो.

म्हणून कोणी तरुण मला विचारतो, "भाई, कोडिंग शिकू का? आता तर सगळं ओढून होतं, नाही तर एआयला सांगितलं की लिहून देतं," तेव्हा मी त्याला सांगतो की दोन आठवडे दे. जास्त नको. बर्नर्स-ली यांच्या संस्थेने 1991 मध्ये टॅगची पहिली यादी काढली तिच्यात टॅग होते 18. आज शंभराच्या वर आहेत, पण मोहल्ल्याच्या लायब्ररीचं किंवा वडिलांच्या गॅरेजचं पान करायला पंचवीस पुरतात. त्यासाठी लॅपटॉपही लागत नाही, फोनवरचा टेक्स्ट एडिटर चालतो. एक पान पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत स्वतः लिही. गिटहब पेजेसवर फुकट चढव. मग खुशाल व्हिज्युअल एडिटर वापर. एआयही वापर. आता निदान त्याने लिहून दिलेलं वाचता येईल, आणि बटणाच्या जागी चौकोन ठेवला असेल तर कान पकडता येईल.

नोकरीचं म्हणाल तर सरळ सांगतो. नुसता ओढा-टाका शिकवणारे कोर्स आपल्या गल्ल्यांमध्ये खूप झालेत. सहा महिन्यांत नोकरी, असा बोर्ड असतो. त्यातली पोरं माझ्याकडे इंटरव्ह्यूला येतात, हात चलाख असतात, डिझाइनची नजरही असते. पण मी पान उघडून विचारतो, हे फोनवर कापलं का जातंय? तिथे गाडी थांबते, कारण झाकण उघडून आत बघायची सवयच लावलेली नसते. वाईट वाटतं, कारण आईने सोन्याची बांगडी मोडून फी भरलेली असते आणि हे मला माहीत असतं.

पैशाचा अजून एक कोन. ओढा-टाका सेवा बहुतेक महिन्याच्या किंवा वर्षाच्या भाड्यावर असतात. भाडं थकलं की पान जातं, आणि तिथून उचलून दुसरीकडे न्यायचं तर बऱ्याचदा नव्याने बांधावं लागतं. भाडं नसलं तरी भरवसा नाहीच. 1994 मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजवर लाखो लोकांनी हौसेने घरं बांधली होती, 2009 मध्ये याहूने ते बंद केलं. साधी एचटीएमएलची फाइल मात्र पेन ड्राइव्हवर घालून कुठेही न्या, उघडते. सर्नने जपून ठेवलेलं जगातलं पहिलं संकेतस्थळ तर आजच्या फोनवरही वाचता येतं.

एवढं सगळं असूनही एडिटर नको असं मी म्हणणार नाही. दुकानदाराला रोज माल बदलायचा असेल, मासिकाला दर आठवड्याला चार लेख लावायचे असतील, तर हाताने फाइली लिहीत बसणं मूर्खपणा आहे. तिथे साचा हाताने बांधावा आणि रोजचं लिहिणं एडिटरमधून व्हावं. ज्यांची माहिती रोज बदलते त्यांना माझ्यासारख्या माणसाची वाट बघायला लावणं हा मी स्वतः केलेला गुन्हा आहे, सहा हजार सहाशेचा.

कॅम्पच्या पानाचं पुढे काय झालं ते राहिलंच. सप्टेंबरात मी आणि मावसभाऊ दोघं शेंडीला गेलो. पाऊस ओसरला होता, 1926 साली पुरं झालेल्या विल्सन धरणाच्या भिंतीवर ढग टेकलेले. मला एखादी छोटी ॲडमिनची सोय बांधून द्यायची होती, लॉगिन, फॉर्म वगैरे. दोस्त म्हणाला, "ते नको दादा. पासवर्ड विसरतो मी. त्या फाइलमध्ये नेमकं कुठे असतो दर, ते दाखवा."

दाखवलं. दर जिथे आहे तिथे वर-खाली मराठीत टीप लिहून ठेवली, 'इथून बदला', 'इथपर्यंत'. अशी टीप पानावर दिसत नाही, फक्त फाइलमध्ये दिसते, याचं त्याला फार नवल वाटलं. पहिल्या दिवशी त्याने एक कोनी कंस खाल्ला आणि अर्धं पान ठळक अक्षरांत गेलं. त्याने स्वतःच परत मागे जाऊन तो शोधला. मावसभावाने त्याला आधीचं रूप परत कसं आणायचं ते शिकवलं, आणि शिकवताना स्वतःही शिकला. आता तो गिऱ्हाइकाला एडिटरमध्ये पान करून देतो, पण आधी उघडून नको ते काढतो. परवा एका हॉटेलच्या पानावरून सात एमबी उतरवल्याचा स्क्रीनशॉट त्याने मला पाठवला होता.

यंदा जूनच्या सुरुवातीला पानावर एक नवी ओळ दिसली. मी लिहिलेली नाही. 'काजवे बघताना टॉर्च आणि गाडीचे दिवे बंद ठेवावे. हिरडा, बेहडा, सादडा या झाडांखाली उभे राहून फोटोसाठी फ्लॅश मारू नये. मारल्यास बराच वेळ अंधारात काही दिसनार नाही, मग आमच्या नावाने बोंब मारू नये.' त्यातला 'दिसनार' मी अजून तसाच ठेवलाय. बदलायचं झालं तर त्याला विचारावं लागेल, आणि तो फोन उचलायला तलावाकडच्या त्या दगडावर जातो, तिथेच रेंज येते. दरही तो तिथूनच बदलतो.